न वाकणाऱ्या पायासाठी मेज, आणि एक गालिचा

मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, माझी अर्जनविसाची बैठक होती. शिक्षण सातवीपर्यंत, तेही परीक्षेस न बसता. तथापि तालुक्यातील पुष्कळांचे दुःख सरकारास समजेल अशा भाषेत माझ्याच टाकाने वर गेले, आणि नुसते अक्षर पाहून साहेब लोक अर्ज कोणाचा हे ओळखीत, एवढे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

माझ्या शेजारी मुद्रांक विकणारे एक गृहस्थ बसत. वयाने थोडे वडील, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणे. ते मला मुन्शीजी म्हणत. कचेरीला कुलूप लागले की आम्ही सतरंजी झटकून तिच्यावर बुद्धिबळाचा पट मांडीत असू. ते त्याला शतरंज म्हणत आणि घोड्यावर फार प्रेम करीत. ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर चढून विझेपर्यंत आमचा डाव चाले. त्या वेळी मला वाटे, आपण कोठल्याशा जुन्या दरबारात बसलो आहोत, आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या धानाच्या बैलबंड्या आपल्याच मुलखातून चालल्या आहेत.

सत्तरीचे दशक संपत आले होते. एका श्रावणात भाऊ सायकलीसकट बांधावरून धानशेताच्या चिखलाने भरलेल्या बांधीत पडले. नागपूरच्या दवाखान्यातून परतले तेव्हा उजवा पाय काठीसारखा सरळ झाला होता. पायात जाड बूट, आणि त्यातून मांडीपर्यंत गेलेल्या लोखंडी पट्ट्या. सकाळी वहिनी चामड्याचे पट्टे आवळून देत; ते रात्री निजतानाच सुटत. कचेरीसमोर आता ते उंच स्टुलावर बसत. मी सतरंजी पसरली, तर म्हणाले, "नाही जी मुन्शीजी. तुमी खाली अन् मी वर, असा खेळ नाही होत. रोज मान वर करून पाहाल माह्याकडे, तुमाले सवय लागून जाईल."

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. परंतु पट मिटला तो मिटलाच. संध्याकाळी ते काठी टेकीत निघून जात आणि मी रिकाम्या सतरंजीवर बसून राही. घरी कोणाशी बोलावेसे वाटेना. भाऊंनी पुन्हा माझ्यासमोर डाव मांडावा, याखेरीज त्या वर्षी माझी दुसरी इच्छा नव्हती. आणि दुसऱ्यांच्या इच्छा लिहिण्यात हयात गेलेल्या मला ही एक तोंडाने सांगता येत नव्हती. सबब मी मेज आणावयाचे ठरविले.

भंडाऱ्यास, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जुन्या सामानाचा एक व्यापारी होता. मालगुजारांच्या कोठ्या आणि साहेबांचे बंगले रिते झाले, त्यांतले लाकूड त्याच्या गोदामात येऊन निजले होते. आत शिरताच बाहेरचा उजेड पाण्याखाली गेल्यासारखा मंद होई. मागच्या खिडकीतून वैनगंगा आणि पलीकडचे कारधा गाव धूसर दिसे. धूळ इतकी सावकाश खाली येत होती की ती खाली येते आहे की वर जाते आहे, हे सांगणे कठीण होते.

व्यापाऱ्याने पहिले मेज दाखविले ते पत्त्यांचे. वर हिरव्या लोकरी कापडाची बनात, कडेला पैसे ठेवण्याच्या वाट्या, आणि मधोमध एकच खांब, त्याला सिंहाचे पंजे. बनातीवर हात फिरविला तेव्हा तेथे कधीतरी बसलेल्या माणसांचे कोपर मला जाणवले. मी खुर्ची ओढली, उजवा पाय ताठ केला आणि मेजाखाली घातला. तो सिंहाच्या पंजाला लागला.

"काहून जी, पाय काहून लंबे करता?" व्यापारी म्हणाला. "टेबल पाहाले आले की झोपाले?"

"पाहण्याची माझी रीत आहे," मी म्हणालो.

दुसरे मेज सोंगट्यांचे होते. झाकण उलगडले की आत चौपटाचा रंगीत पट फुललेल्या कमळासारखा उघडे. ते मला इतके आवडले की मी ते दोनदा मिटून पुन्हा उलगडले. परंतु खाली आडवी दांडी होती, आणि माझी नडगी तिच्यावर आपटली. व्यापाऱ्याने गल्ल्यावरच्या आपल्या भावाला हाक मारली. "इकडं ये ना रे. हे पाहुणे टेबलाले लाता मारून राहिले."

तिसरे कोपऱ्यात, मोडक्या पलंगामागे होते. चार साधे सरळ पाय, मध्ये मोकळी जागा. पृष्ठभागावर गडद शिसव आणि कोठलेसे पिवळसर लाकूड यांची घरे बसविलेली. दोन्ही बाजूंना सोंगट्या ठेवण्याचे लहान खण. एक पिवळे घर निघाले होते, तेथे कोणीतरी निराळ्या लाकडाचा तुकडा बसविला होता. खण उघडला तर आत अजून तंबाखूचा वास होता. पाय लांब केला. तो कोठेही न अडता पलीकडे गेला, आणि मी तेथेच, डोळे मिटून, समोर भाऊ बसले आहेत असे पाहिले.

येथेच थांबलो असतो तर बरे. परंतु एवढ्या मेजाखाली उघडी शेणाने सारवलेली जमीन मला शोभेना. व्यापाऱ्याने एक जाड सुती दरी दाखविली, "चालते, टिकते" म्हणाला. मी मान हलविली. मग त्याने मिर्झापुरी गालिचा उलगडला. डाळिंबी रंग विटून संध्याकाळसारखा झालेला, त्यावर फिकी निळी फुले. अनवाणी त्यावर उभा राहिलो आणि तळव्यांना झोप आल्यासारखे झाले. ताठ पाय थंड जमिनीवर पडण्यापेक्षा या फुलांत पडावा. सन्मान म्हणतात तो हाच, असे माझ्या मनाने घेतले.

कोंड्याच्या पोत्यांनी भरलेल्या एका ट्रकवर दोन्ही जिनसा चढल्या. गालिच्याच्या गुंडाळीवर मी बसलो, मेजाचा एक पाय धरून. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आले होते, आणि तळ्यांत आकाश उतरले होते. ट्रक चालतो आहे की शेतेच मागे वाहत आहेत, हे मला कळेनासे झाले. मोहाडी येऊच नये, असेही क्षणभर वाटले.

पत्नीने खोली सारवली, गालिचा पसरला, आणि त्याच्या कडेकडेने चालू लागली. "अजी, यावर पाय कसा ठेवावं?" ती म्हणाली. "देवळात आल्यावानी वाटते."

भाऊंना मी एवढेच म्हणालो की एक जुने मेज आणले आहे, पाहून जावे.

ते आले. काठीचा आवाज अंगणातून ओसरीवर आला आणि दारात थांबला. त्यांनी आत पाहिले. मेज, त्यावर मांडलेला डाव, समोरासमोर दोन खुर्च्या. त्यांचा चेहरा उजळला. मग नजर खाली गेली. गालिच्यावरून ती त्यांच्या स्वतःच्या बुटावर आली. आमच्याकडे पायतण घालून कोणी उंबरठा ओलांडीत नाही, आणि असल्या गालिच्यावर तर कोणाच्या स्वप्नातही नाही. बूट काढावा, तर पट्ट्यांशिवाय पाय उभा राहणार नव्हता. पायाची लांबी मी मोजली होती. बूट माझ्या ध्यानातच आला नव्हता.

"चांगला हाये टेबल," ते म्हणाले. "इथूनच दिसते. येतो मी मुन्शीजी, घरी काम हाये."

"भाऊ, आत या ना जी," पत्नी म्हणाली.

"मग येईन, बाई." आणि ते काठी फिरवून वळू लागले.

गालिचा गुंडाळा असे म्हणालो असतो तर ते त्यांच्या बुटासाठी झाले असते, आणि ते पुन्हा कधी आले नसते, हे मला त्या क्षणी लख्ख दिसले. मी त्यांच्या अंगावरूनच ओसरीवर गेलो. कोपऱ्यातल्या माझ्या वाहाणा, कचेरीची धूळ लागलेल्या, पायांत घातल्या, आत आलो, फुलांवरून चालत गेलो आणि खुर्चीत बसलो.

"अजी, हे काय करून राहिले?" पत्नी म्हणाली. मग तिने दाराकडे पाहिले, आणि तिचा आवाज उतरला. "उद्या तुमीच झाडसान मग."

भाऊ वळता वळता उंबरठ्याबाहेर थांबले. "मुन्शीजी," ते म्हणाले, "भल्या माणसाच्या घरात असं नाही करत कोणी."

"पांढरे तुमचे आहेत," मी म्हणालो.

काठी आधी आत आली, मग डावा पाय, मग तो जड बूट. निळ्या फुलांवर त्याची माती उमटत गेली. ते बसले. पाय मेजाखालून सरळ माझ्या बाजूला आला आणि माझ्या वाहाणांशेजारी विसावला. खिडकीतून पिकलेला उजेड येत होता. त्यात सोंगट्यांच्या सावल्या लांबून एकमेकींच्या घरांत शिरल्या होत्या. त्यांनी घोडा उचलला, हवेतच धरून ठेवला आणि फार वेळ विचार केला. मला घाई नव्हती.