सरूआत्याचे पिवळे हात

सरूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात होते. सांगलीहून चुलतभाऊ बोलत होता. "सावकाश ये," तो म्हणाला, "आत्यानंच सांगून ठेवलं होतं, मी गेले तर पोरीला उपाशीपोटी धावत आणू नका." पन्नाशी उलटलेली मी 'पोरगी'... फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी हसू आलं. त्याला आता महिना होऊन गेला.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच नवरा तापानं गेला आणि ती आमच्या सांगलीच्या घरी परत आली. माझी आई मला जन्म देऊन गेली होती, म्हणून मी तिच्याच पदराखाली वाढले. महायुद्ध चालू होतं त्या दिवसांत, मी आठ-नऊ वर्षांची असताना, मला विलक्षण तहान लागायला लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायचे, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, परकर कमरेवर ठरत नव्हता. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि वडिलांना सांगितलं, "मधुमेह आहे. रोज इन्सुलिन टोचावं लागेल, जन्मभर. औषध मिळतं, पण ते परवडेल का, हे तुमचं तुम्ही ठरवा." वडील कापडाच्या दुकानात कारकून. ते खाली मान घालून बसून राहिले. आत्या दाराशी उभी होती. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र पुढं झाली आणि म्हणाली, "परवडण्याचं नंतर बघू. टोचायचं कसं, ते आधी दाखवा."

पहिल्या वर्षी तिच्या पाटल्या गेल्या. मग गळ्यातलं गेलं. विकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा एका सकाळी ती डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली आणि हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायच्या कामाला लागली. आमच्यासारख्या घरातली बाई, त्यातून विधवा... पेठेत नुसती कुजबुज! तिथं माणदेशातून, म्हसवडकडून पोट भरायला आलेल्या बायका होत्या. त्यांतली गोदाबाई पहिल्या दिवशी तिला म्हणाली, "आवं बाई, तुमी कशाला आलासा हितं? ह्यो रंग लय चिवट हाय. हात पुन्ना पांढरं व्हायाचं न्हाईत." आत्या म्हणाली, "नाही झाले तर नाही झाले," आणि तिच्याशेजारी फतकल मारून बसली.

संध्याकाळी ती घरी यायची ती कोपरापर्यंत पिवळी होऊन. चुलीपुढं बसून काचेची सिरिंज उकळायची, माठाखालच्या गार वाळूत ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायची आणि त्या पिवळ्या बोटांच्या चिमटीत माझी मांडी धरायची. सुई कधी शिरली ते कळायचंही नाही. वखारीतून आली की आधी राखेनं हात घासायची, पण रंग काही जायचा नाही. शेवटी शेजारच्या काकू वडिलांच्या देखत म्हणाल्या, "सरू, विधवेला हळदीचं बोट लागू नये म्हणतात, आणि तुझे हात बघ!" वडील चुळबुळले. आत्यानं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "ह्या हळदीला माझं कपाळ नकोय, वहिनी. हात हवेत. ते आहेत." काकू पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

मग एका हिवाळ्यात पैसे असूनही औषध मिळेना. बोटी येत नाहीत, दुकानदार म्हणाला. बाटली तळाला गेली. आत्यानं माझं जेवण तोडलं, भात-भाकरी बंद, आणि मी जेवढं खायची तेवढंच स्वतः खायला लागली. तरीही मी दिवसेंदिवस गळत चालले. वखारीत तिचा चेहरा पाहून गोदाबाईनं काय ते काढून घेतलं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि जत्रेसाठी गावी यायचा होता, तीही जायची होती. तिनं कुणाकडून तरी त्याला निरोप धाडला. त्या माणसानं मुंबईतली औषधाची दुकानं पालथी घातली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दोन बाटल्या आणल्या. गोदाबाई त्या घेऊन म्हसवडहून आली ती आमच्या ओट्यापाशीच थांबली. "हितंच देती, बाई. आत कशाला?" आत्यानं तिचा हात धरून तिला आत आणलं, स्वयंपाकघरात वडिलांच्या शेजारी तिचं पान मांडलं. वडील क्षणभर थबकले. मग त्यांनी स्वतः उठून तिला पाट सरकवला.

मी जगले, वाढले. स्वातंत्र्य आलं, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत साताऱ्याला मुलींच्या शाळेत जायचं ठरलं. पुढं शिकून मास्तरीण व्हायचं हा हट्ट माझा आणि त्याला पाठबळ आत्याचं. वसतिगृहाच्या बाईंनी माझा आजार ऐकला आणि कागद बाजूला ठेवला. "रोज सुई? इथं कोण टोचणार? काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची?" आत्या वाद घालत बसली नाही. पिशवीतून डबा काढला, उकळून आणलेली सिरिंज माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घे." तोवर मी स्वतःला कधी टोचलं नव्हतं, भोपळ्यावर तेवढा सराव केला होता. मी औषध भरलं, चिमटीत कातडी धरली. मान वर करून पाहिलं तर आत्या तोंड फिरवून खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडं बघत होती. सुई आत गेली, बाहेर आली. "झालं," मी म्हणाले. तेव्हा ती वळली आणि बाईंना म्हणाली, "हिची जबाबदारी ही स्वतः घेते." मला प्रवेश मिळाला.

परतताना मोटार स्टँडवर मी तिला विचारलं, "तू माझ्याकडं बघितलं का नाहीस? मी चुकले असते तर?" तिनं पिशवीतला डबा नीट लावून ठेवला. मग म्हणाली, "इतकी वर्षं मीच टोचलं गं तुला. पण तू आपल्या हातानं आपल्याला टोचतेस... ते मला बघवेना."

आता माझी सिरिंज उकळावी लागत नाही, औषध फ्रिजमध्ये असतं, दुकानात मागितलं की मिळतं. रोज सकाळी मी ते भरते, कातडी चिमटीत धरते, आणि मग हात आपसूक थोडा थांबतो... तिनं तोंड फिरवावं, एवढा वेळ.