पहिल्या वर्षीचं रेकॉर्डिंग

दुपारभर कानाला हेडफोन लावून जुन्या मुलाखती उतरवून काढते आहे. पीएचडीचं शेवटचं वर्ष, तेही दुसऱ्या मुदतवाढीतलं. विषय कुंभारकामाचा. आज अगदी पहिल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लागलं. मागे कोंबड्यांचा गलका, कुणीतरी मडकं थोपटतंय, आणि मारुतीकाका कुंभार मला विचारताहेत, "किती वर्सं लागतील गं पोरी, तुझ्या ह्या पुस्तकाला?"

"तीन! आणि पहिली प्रत तुम्हालाच."

"मला कुठं वाचता येतंय? पर आण. हातात धरून सांगीन, कच्चं हाय का पक्कं."

काका गेल्या दिवाळीत वारले. मी जाऊ शकले नाही. त्याच आठवड्यात गाइडना तिसरं प्रकरण हवं होतं. ते अजून त्यांच्या टेबलावर न वाचता पडलंय.

ते ‘तीन!’ मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. शब्द कळतो, आवाज ओळखू येत नाही. एवढी कसली खात्री होती या मुलीला? हल्ली होस्टेलच्या खोलीबाहेर पाऊल वाजलं तरी मी गप्प बसून राहते, कुणी "झालं का गं?" विचारू नये म्हणून.

मुलाखत उतरवताना शब्दांखेरीज जे ऐकू येतं, तेही कंसात लिहायचं असतं. खोकला, शांतता, कुत्र्याचं भुंकणं. काकांच्या त्या कच्च्या-पक्क्याच्या वाक्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी मनापासून, खळखळून हसतं. मी कंस उघडला आणि नियमाप्रमाणे लिहिलं: संशोधक हसते.