मनूताईनं तिचं ऐकलं

फोन सकाळी साडेसातला आला. कूलरच्या जुन्या ताट्या काढून नवीन खस बसवायला माणूस आला होता आणि मी त्याच्याशी बोलत उभी होते. "मॅडम, मनूताई गेल्या," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "पहाटे. मी जवळच होती." आवाज कुठेतरी ऐकलेला वाटला, पण ओळख पटेना. "कोण बोलतंय बेटा?" मी विचारलं. तिनं आपलं नाव सांगितलं... मी तिथेच पायरीवर बसले. तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या कमिटीपुढे ही मुलगी उभी राहिली होती. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते, आणि नंतर रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूनं जात होते. मनूताईच्या शेवटच्या घटकेला ती होती, मी नव्हते. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या लोकांनी ते पुरेसं चघळलं आहे.

मनूताई म्हणजे मनोरमा भालेराव. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी बाळंतिणींच्या वॉर्डात. मूळची वर्ध्याकडच्या एका खेड्यातली, आणि नागपुरात उभा जन्म काढूनही तिची बोली बदलली नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हा चर्चच्या स्त्री-संघात प्रार्थना करायची तर घरून शब्द जुळवून जायचे. ती डोळे मिटून सरळ बोलायला लागायची, वॉर्डातल्या डॉक्टरला सांगावं तसं. "प्रभू, शांताबाईचे गुडघे पाहून घे जरा, तिले जिना चढता येऊन नाई राहिला." बायका ओठ दाबून हसायच्या. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण रविवारची उपासना संपली की आम्ही दोघी धरमपेठेत एका ठरलेल्या ठिकाणी चहा प्यायचो आणि मग आपापल्या घरी जायचो. सव्वीस वर्षं हा क्रम होता. तो तुटला तो माझ्यामुळे.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पास्टर, आमच्या मंडळीत नवीन आले तेव्हा त्यांची दोन्ही मुलं लहान होती आणि त्यांच्या पत्नी, पाळकीण बाई, सारख्या आजारी. मनूताई ड्यूटीवरून परस्पर त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाक करून यायची. पुढे तिचे यजमान सुरेशराव किडनीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले, तेव्हा पाळकसाहेब रोज संध्याकाळी तिच्याकडे जात. नुसती प्रार्थना करून उठत नसत. सुरेशरावांची दाढी करून देत, पाय चेपत, क्रिकेटच्या गोष्टी सांगून त्यांना हसवत. सुरेशरावांच्या दफनविधीच्या दिवशी त्यांनाच उपदेश मध्ये थांबवावा लागला होता. मूलबाळ नसलेल्या मनूताईनं त्या दिवसापासून त्यांना धाकट्या भावासारखं धरलं. आम्ही सगळेच त्यांच्यावर जीव टाकत होतो. प्रवचन तर असं करत, की बाहेर उभे असलेले रिक्षावालेही ऐकायचे.

ती मुलगी कामठीहून शेअर ऑटोनं यायची. नर्सिंगला होती, वीस वर्षांची, वडील नसलेली. गायनमंडळात तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. एका रविवारी ती आली नाही, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आम्ही म्हटलं, परीक्षा असेल. मनूताईनं तसं म्हटलं नाही. ती ऑटोत बसून कामठीला गेली, त्या मुलीच्या आईच्या हातचा चहा प्याली, आणि मुलीला घेऊन बाहेर एका झाडाखाली जाऊन बसली. तिथे तिला कळलं, की पाळकसाहेब त्या मुलीला खास प्रार्थनेसाठी ऑफिसात बोलावत, दार लावून घेत, आणि डोक्यावर ठेवलेला हात डोक्यावर राहत नसे. सात महिने हे चाललं होतं. कोणाला सांगशील तर देवाच्या सेवकाकडे बोट दाखवल्याचा शाप लागेल, असंही तिला सांगितलेलं होतं.

त्या दिवशी मनूताई घरी न जाता थेट माझ्याकडे आली. पाणी दिलं तर ते हातातच धरून बसली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "कमल, तू कमिटीची सेक्रेटरी हायेस. तुले आधी सांगून राहिली." मी तिला काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणाले, "मनूताई, घाई करू नकोस. आपण या शहरात मूठभर माणसं. बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? आणि मुलगी खरं बोलते कशावरून?"

तिनं पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. "चौतीस वर्षं बाया पाहिल्या मी," ती म्हणाली. "दुखणं खोटं सांगणारी कशी बसते अन् खरं सांगणारी कशी बसते, मले समजते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पाळकसाहेबांकडे गेली. तिला वाटत होतं, ते नाही म्हणतील आणि आपण सुटू. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. ते रडले. खाली वाकून तिचे पाय धरले. घात झाला ताई, म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना करा, पण हे आपल्या दोघांत राहू द्या. मनूताईनं त्यांना उठवलं आणि सांगितलं, की मी प्रार्थना करीन, पण तुम्ही रविवारी मंडळीपुढे स्वतः बोला, त्या मुलीला बोलायची वेळ आणू नका. त्यांनी होकारार्थी मान हलवली. रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि मेंढरांच्या कळपात फूट पाडणाऱ्यांवर चाळीस मिनिटं बोलले. मनूताई दुसऱ्या रांगेत बसली होती. मी पुढे पेटीवर होते, मला तिचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी एकदाच पाहिला होता, सुरेशरावांच्या वेळी.

मग मनूताईच्या आग्रहावरून कमिटी बसली. मुलगी आईबरोबर आली आणि उभी राहून बोलली. तिला कोणी बस म्हटलं नाही, मीही नाही. तिचं झाल्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी क्षमेवर बोलायला सुरुवात केली. दुसरे म्हणाले, माणूस चुकतो, पण त्यांचं इतक्या वर्षांचं काम बघा. मनूताई फक्त एवढंच म्हणाली, "क्षमा कोणाले मागून राहिले तुम्ही? तिनं अजून तोंडही पुसलं नाई." मुलगी गेल्यावर मी सभेचा वृत्तांत लिहायला घेतला. मनूताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "तिनं जे सांगतलं ते लिही, कमल." मी लिहिलं, 'एका विषयावर प्रार्थनापूर्वक विचार करण्यात आला.' तिनं ते वाचलं. पर्स उचलली आणि गेली. त्यानंतर आम्ही धरमपेठेत चहाला कधी बसलो नाही.

पोलिसांत तक्रार द्यायला त्या मुलीबरोबर तीच गेली. पेपरात चार ओळी आल्या, आणि मग आणखी दोन बायका पुढे आल्या. त्यातली एक तर माझ्या पेटीशेजारच्या बाकावर अकरा वर्षं बसत होती. चर्चच्या वरिष्ठांनी चौकशी करून पाळकसाहेबांना काढलं, खटला अजून चालू आहे. हे सगळं झाल्यावर तरी मंडळीनं मनूताईची माफी मागायला हवी होती. झालं उलटंच. चर्चची अब्रू तिनं घालवली, असं लोक म्हणू लागले. स्त्री-संघाच्या निवडीत तिचं नाव कोणी घेतलं नाही. फाटकाशी तिनं आमच्या रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हटलं तर माणसं चपला शोधायला लागायची. ती तरी दर रविवारी यायची. शेवटच्या बाकावर ती, ती मुलगी आणि मुलीची आई, तिघीच. एकदा मी न राहवून तिला फाटकाबाहेर गाठलं आणि म्हटलं, दुसऱ्या एखाद्या चर्चला का जात नाहीस, इतका मनस्ताप कशाला? "काहून जाऊ?" ती म्हणाली. "ती पोरगी येते. तिनं नाई सोडलं देवाले, मंग मी काहून सोडू?"

तिनं आणखी एक गोष्ट केली, जी मला खूप उशिरा कळली. दर शनिवारी ती पाळकीण बाईंकडे डबा घेऊन जायची. पहिले काही महिने दार उघडलं नाही. ती डबा पायरीवर ठेवायची आणि पुढच्या शनिवारी भरलेला असो की रिकामा, तो उचलून दुसरा ठेवायची. मग एका शनिवारी दार उघडलं. आत काय बोलणं झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला पोटाचा कॅन्सर निघाला. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात मी तिला भेटायला गेले. मनात ठरवून गेले होते, की आज माफी मागायची. ती इतकी बारीक झाली होती, की पलंग मोठा वाटत होता. मी संत्र्याच्या फोडी सोलून देत राहिले, ती चोखून ठेवत राहिली, आणि ठरवलेलं राहूनच गेलं. शेवटी तीच म्हणाली, "कमल, एक विचारू? तो माह्या सुरेशची दाढी करून देत होता... ते खरं होतं का वं?"

मी म्हटलं, खरंच असेल.

"खरं असन तं मंग हे कसं केलं त्यानं? अन् ते खोटं होतं म्हणा, तं सुरेश हसत होता तेही खोटंच झालं का?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "तीन वर्षं झाले, मी देवाले हेच विचारून राहिली. तो काही सांगतच नाई."

लोकांना वाटत होतं मनूताई दगडाची आहे. ज्या माणसाला तिनं आपल्या हातानं पोलिसांच्या पुढ्यात नेलं, त्याच्यासाठी ती तीन वर्षं रडत होती, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. नर्स सलाईन बदलायला आली आणि मी उठले. पुन्हा येते म्हटलं. ती म्हणाली, "ये वं." आठव्या दिवशी सकाळी फोन आला.

दफनाला मंडळी मात्र सगळी आली. नव्या पाळकांनी तिच्या सेवाभावाचं कौतुक केलं. तीन वर्षांबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला मी गेले. तिचा भाचा पुण्याला असतो, त्यानं किल्ली त्या मुलीकडे दिली होती. ती आता नोकरीला लागली आहे, रात्रपाळी संपवून आली होती. आम्ही साड्या घडी करून गाठोड्यात ठेवल्या, औषधं एका पिशवीत भरली. मग मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुझं बोलणं लिहिलं नाही. चुकलं माझं. मला माफ कर."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "मनूताईनं सांगतलं होतं मले, की तुम्ही कधीतरी असं म्हणसान," ती म्हणाली. "मी तेव्हाच ताईले म्हटलं होतं, मले माहीत नाई मी काय म्हणीन." कपाट उघडत ती म्हणाली, "अजूनही माहीत नाई, मॅडम."

तिनं कपाटातून धुतलेली पांढरी चादर काढली आणि पलंगावर टाकली. आता इथे कोण झोपणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. हॉस्पिटलात करतात तशी ती गादीच्या कोपऱ्याशी चादर तिरकी दुमडून आत खोचत होती. मनूताई अशीच खोचायची, आणि हे हिला तिनंच शिकवलं असणार. पलीकडचा कोपरा माझ्या बाजूला होता. मी तसं करायला गेले, एकदा, दोनदा. घडी सुटतच होती. ती वळसा घालून माझ्या बाजूला आली, माझ्या हातातून चादर घेतली आणि तो कोपरा तिनं स्वतःच नीट बसवला.