एका थेंबातली वळवळ

हरणाबाईच्या डागाला गुण आहे, असं आटपाडीकडचे मेंढपाळ म्हणत. कुणाची घोडी तापली, पोटाखाली सुजली, की बोलावणं यायचं. ती विळा लाल करायची आणि पोटावर रेघा ओढायची. ताप उतरायचा. घोडी मेलीच, तर डाग उशिरा दिला असं ठरायचं.

यंदा मेंढरं मलकापूरच्या रानात उतरली आणि तिची स्वतःचीच तांबडी तापली. सगळा संसार त्या घोडीच्या पाठीवर. डाग दिला. ताप उतरला आणि पुन्हा चढला. विळा परत तापायला ठेवला, तेव्हा लेक धनाजी आडवा आला.

"आये, बास आता. दवाखान्यात न्यायची."

"ने की. माझ्या डागाला नावं ठेवणारं कोण हाय, बघू तरी."

जनावरांच्या दवाखान्यात क्रांती डॉक्टरनं तांबडीच्या कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकातून बघितलं. मग बाजूला झाली.

"आजी, तुमीच बघा."

हरणाबाईनं एक डोळा मिटला. गोल गोल दाणे दिसले, वाघरीच्या जाळीत कोंडलेल्या मेंढरांगत दाटलेले. एवढ्यात एका जागी ते धक्के खाऊ लागले. मधून एक लांबट जीव उसळत निघाला. अंगाला पातळ झालर, वाऱ्यावरच्या पदरासारखी फडफडणारी. पुढं चाबकाचं टोक.

"आगं बया! जित्ता हाय ह्यो!"

"व्हय. एकाच पेशीचा जीव. हात न्हाई, पाय न्हाई. झालर हलवत रक्तात पोहतो. गोमाशी चावली की आत शिरतो."

"डागानं मरत न्हाई?"

"डाग कातड्याला बसतो, आजी."

"मग ताप कसा उतरायचा गं?"

"ह्यांची गर्दी ओसरली की उतरतो. वाढली की चढतो. डागा, न्हाईतर नका डागू."

हरणाबाईला आजवर डागलेल्या घोड्या आठवल्या. गुंडाची पांढरी. बाळासोची मोरी. राहीबाईची ती गाभण घोडी, दावं तोडून पळालेली. चौघांनी धरून आणलेली.

"बाई, सुई टोच लौकर," एवढंच ती म्हणाली.

तांबडी वाचली. चरायला लागली. हरणाबाईनं ओंजळीत हरभरे धरले. घोडीनं पोट आत ओढलं आणि मागं सरली. धनाजीनं तेच हरभरे आपल्या हातात घेतले. तेव्हा तिनं खाल्ले.

हरणाबाई रिकामी ओंजळ तशीच धरून उभी राहिली.