तांब्याच्या डोंगरातलं कढत पाणी

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही करामातल्या घरातून निघालो, ते भाईच्या पायांसाठी. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. बावीस वर्षं तो इथे आखातात, डोंगरातल्या एका दगडखाणीत शॉवल (दगड उचलून डंपरमध्ये टाकणारं अवजड यंत्र) चालवतोय. शुगर आहे, पण गोळ्या मूड असेल तेव्हाच. गेली तीन-चार वर्षं तळपायांना मुंग्या येतात म्हणायचा. मंगळवारी त्याच्या लायसन्सची मेडिकल होती. नापास झाला तर कंपनी त्याला ठेवणार नव्हती, मग थेट रत्नागिरी. तिकडे जाऊन करणार काय, हा प्रश्न तो कोणाला विचारूच देत नसे.

गरम पाण्याच्या झऱ्याची आयडिया माझी. जबल अलीला माझ्या वेअरहाउसमध्ये एक जण आहे, त्याचे गुडघे म्हणे तिथे तीन दिवसांत मोकळे झाले. मी ऐकीव गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणारा माणूस.

"आधी डॉक्टरला दाखवा," बायको म्हणाली.

"डॉक्टर कुठे पळून जातोय?" मी म्हणालो. हे वाक्य आता मला रोज आठवतं.

बायकोची ड्यूटी होती, म्हणून मागच्या सीटवर एकटी सना, माझी बारा वर्षांची मुलगी, कानात हेडफोन घालून. तासाभरात वाळू संपली आणि डोंगर सुरू झाले. या डोंगरांवर गवताची काडी नाही. उन्हात करपलेले, काळपट तपकिरी, एकामागे एक. भाई मात्र खुशीत होता. एका वळणावर त्याने काच खाली केली.

"ती सपाट जागा दिसते? तिथे एक डोंगर होता. मी खाल्ला."

"सीरियसली, बडे अब्बू?" सनाने हेडफोन काढला.

"एकट्याने नाही. डंपरवाले पण होते जेवायला."

आम्ही हसलो. त्या सपाटीवरून अजून पांढरी धूळ उठत होती.

झरा एका वादीत (डोंगरातल्या कोरड्या नदीत) आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे तांबं खणून वितळवायचे, असं बोर्डावर लिहिलेलं. गाव म्हणून आता पडक्या दगडी भिंती आणि धातूच्या मळीचे काळे ढीग उरलेत. त्यांच्या शेजारी कोणीतरी अरीशच्या (खजुराच्या झावळ्यांच्या) सहा झोपड्या बांधून राहायची सोय केली आहे. पुरुषांचा हमाम एकीकडे, बायकांचा दुसरीकडे. पाण्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास, आणि माणूस म्हणाल तर एकच. स्वातकडचा एक वयस्क पठाण, सगळे त्याला खानसाहेब म्हणतात.

झोपडीसमोर बसून आम्ही घरून आणलेली घावनं खाल्ली. भाईने पाच मारली आणि चहात तीन चमचे साखर घातली. मी काही बोललो नाही, सुट्टीचा दिवस म्हणून.

पुरुषांच्या हमामात नळाचं काम चालू होतं. मागे एक जुना उघडा दगडी हौद होता, तो आम्हाला खानसाहेबांनी दाखवला.

"इसमें पानी सीधा पहाड़ से आता है, ठंडा मिक्स नहीं होता. पहले हाथ से देखना. बहुत गरम लगे तो रुको, मैं बालटी से ठंडा डालेगा."

आता हात कोण घालतो? लहानपणी गावाकडच्या गरम कुंडावर जायचो तेव्हा आधी अब्बा पाय बुडवायचे, पाणी कसं आहे ते सांगायचे, मग आम्ही पोरं उतरायचो. अब्बा गेल्यावर तो मान भाईचा. मी वाकलो तर त्याने मला खांद्याला धरून मागे ओढलं. डावा पाय दुमडून तो काठावर बसला आणि उजवा, जास्त त्रास देणारा, घोट्यापर्यंत पाण्यात सोडला.

"कोमट आहे रे. उगाच घाबरवतो तो. तुम्ही फिरून या, मी बसतो निवांत."

मी त्याच्या पायावर विश्वास ठेवला.

सना आणि मी मळीच्या ढिगांपर्यंत गेलो. तिने एक जड काळा तुकडा उचलला.

"अब्बू, डिड द वर्कर्स गेट सिक?"

"ते बोर्डावर लिहिलेलं नाही."

दहाएक मिनिटांत परतलो. भाई डोळे मिटून बसला होता. सना त्याच्या शेजारी टेकली, पाण्यात बोटं घातली आणि किंचाळली.

"अब्बू, इट्स बर्निंग!"

मी हात घातला आणि तसाच बाहेर काढला. चहाचं आधण बरं. भाईच्या काखेत हात घालून मी त्याला वर ओढलं. घोट्याखालचा पाय लालबुंद झाला होता, टाचेची कातडी पांढरी पडून सुटली होती. भाई त्या पायाकडे बघत राहिला, मग माझी समजूत घालायला म्हणाला, "अरे, दुखत नाहीये."

तेव्हा मला खरी भीती वाटली.

खानसाहेब धावत आले, नळाखाली पाय धरून साधं पाणी सोडत राहिले आणि माझ्यावर ओरडत राहिले, "हाथ से बोला था ना मैंने!" मी टूथपेस्ट मागितली. "वो दांत पे लगाओ," ते म्हणाले, आणि स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून त्यांनी आम्हाला गाडीत बसवलं. हॉस्पिटलपर्यंत चाळीस मिनिटं लागली. भाई एकच बोलत होता, "मंगळवारपर्यंत बूट चढेल ना?"

डॉक्टर मल्याळी बाई होत्या. ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी डावा पाय पुढे घ्यायला सांगितला. त्यांच्या हातात दांडीला लावलेला नायलॉनचा बारीक धागा.

"आंखें बंद कीजिए. जब टच लगे, हां बोलिए."

त्यांनी अंगठ्याला धागा टेकवला. भाई गप्प. करंगळीला टेकवला. गप्प. मग त्याच्या लक्षात आलं असावं, की आपण बोललो पाहिजे.

"हां," तो म्हणाला.

धागा हवेत होता.

"हां." थोडं थांबून पुन्हा, "हां." अगदी खात्रीने. डॉक्टरांनी हात मागे घेतला होता. सनाने माझी बाही घट्ट धरली.

भाईने डोळे उघडले आणि आधी माझ्याकडे बघितलं. "पास?"

"भाई, त्या धागा लावतच नव्हत्या."

त्याने मान खाली घातली. "मुंग्या कधीच थांबल्यात रे. दोन वर्षं होतील. ब्रेक मी डोळ्यांनी बघून दाबतो."

परत येताना ऊन कलत होतं. मला त्याचा राग आला होता, इतकं लपवलं म्हणून. त्याहून जास्त माझा, की दोन वर्षांत दर ईदला गळाभेट घेतली, पण बूट काढ, पाय बघू, असं एकदाही म्हणालो नाही. प्रवास केला की माणसाला नवीन काही कळतं म्हणतात. मला माझा भाऊ कळला, तोही उशिरा. ती सपाट जागा आली तेव्हा भाईने गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली त्याची शॉवल दुसरंच कोणीतरी चालवत होतं.

"फोरमनला फोन लाव," तो म्हणाला. "तूच बोल. माझ्याने व्हायचं नाही."

मी स्पीकरवर लावला. पाय भाजलाय, मंगळवारच्या मेडिकलला येऊ शकत नाही, एवढं सांगितलं.

"कोई बात नहीं," फोरमन म्हणाला. "कितने दिन की छुट्टी लिखूं?"

भाईने माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ धरला.

"छुट्टी नहीं, साब," तो म्हणाला. "खलास."