दिनकररावांची पारख

आबकारी खात्यात होते तोवर दिनकररावांच्या नाकाला मोठा मान होता. गंगाखेडच्या आसपास कुठंही दारू पकडली, की साहेब त्यांनाच बोलावत. डाव्या तळहातावर चार थेंब घ्यायचे, उजव्या बोटानं चोळायचे, उडून जाऊ द्यायचे आणि मग हुंगायचं. गुळाची की मोहाची, नवसागर किती, सगळं बिनचूक. हुंगता हुंगता चाखणं आलं, चाखता चाखता पिणं. ते सुटेपर्यंत त्यांच्या बायकोची, सुमंगलाबाईंची, अकरा वर्षं गेली. आता सुटून सहा वर्षं झाली होती, तरी नवरा बाजारातून उशिरा आला की त्या काहीतरी विचारायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाजवळ जात.

अशा घरात मुलानं, उद्धवनं, १९८८ साली जपानची व्हिस्की आणली. पुण्याच्या कंपनीनं त्याला सहा महिने तिकडं शिकायला पाठवलं होतं.

"सतरा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली हाय, आबा. तिथंबी सहजी मिळत न्हाई. तुमच्यावाचून हिची पारख कोण करणार?"

"तुला तिकडं एखादी छत्री मिळाली न्हाई का रे?" सुमंगलाबाई म्हणाल्या.

"आई, प्या म्हणून कोण सांगायलंय? नुसता वास."

दिनकररावांनी डावा हात आधीच पुढं केला होता.

त्यांनी थेंब चोळले, थांबले, डोळे मिटले. सुमंगलाबाईंच्या सुपातले खडे तसेच राहिले.

"आधी मध. मग सुकं खोबरं. थांब... चंदनाचं खोड. उगाळून देवळात वाळत ठेवतात ना, तसलं." त्यांनी पुन्हा हुंगलं. "आपल्याकडं रात्रीत काढतात. हिच्यापायी कुणीतरी सतरा वर्षं कळ काढली."

इतकं मोकळं ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. सुमंगलाबाईंना ऐकावंसं वाटलं आणि त्याचीच धडकी भरली.

"जिभेवर एक थेंब?" उद्धवनं विचारलं.

त्यांनी घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला, मग उठून मोरीत थुंकले. परत येऊन बसले नाहीत, दारातूनच म्हणाले, "बूच लाव. दुपारच्या गाडीनं घेऊन जा."

"वाईट लागली का?"

"वाईट असती तर ठेव म्हणालो असतो."

उद्धवचा चेहरा उतरला. सुमंगलाबाईंनी बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत तळाशी कोंबली, स्टेशनपर्यंत सोबत गेल्या आणि गाडी हलल्यावरच माघारी फिरल्या.

घरी येऊन त्यांनी ताटं वाढली. दिनकररावांनी मोरीवर उजवाच हात धुतला. डावा मिटून मांडीवर ठेवला आणि जेवायला बसले.