आधी त्यांची कबुली

बुओना व्हिस्टाच्या क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ बाई माझे शुगरचे रिपोर्ट बाजूला सारतात, खुर्ची माझ्याजवळ ओढतात आणि आधी इथल्या बोलीतलं 'लाह' जोडत स्वतःचाच गुन्हा सांगतात. "आज दोन काया टोस्ट हाणले, लाह! नारळाचा जॅम अगदी जाड लावून. तुम्ही?" मग मीही बायकोपासून लपवलेलं श्रीखंड भडाभडा कबूल करतो. त्या रागावत नाहीत, फक्त "किती चमचे?" विचारतात.

परवा त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये दिसल्या. पुढ्यात पपई आणि बिनसाखरेची कॉफी. मला पाहून चक्क ओशाळल्या.

"मला गोड आवडतच नाही. कुणाला सांगू नका, लाह."

पुढच्या भेटीत त्यांनी पुन्हा टोस्ट हाणले. मीही माझे गुलाबजाम सांगून टाकले, एकही न लपवता.